देखभालीच्या रात्री घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'मेंटेनन्सच्या नावाखाली रात्रभर सेवा बंद' अशा तक्रारींची पत्रे आपल्या सदरात अधूनमधून येतात. त्यांतला त्रास खरा आहे. दवाखान्याच्या दारात पैसे अडकले की माणूस हवालदिल होतो. पण 'सर्व्हर बंद करायचा, पॅच टाकायचा, चालू करायचा, याला सहा तास कशाला?' या प्रश्नाचे उत्तर आजवर कुणी दिलेले दिसले नाही. सहकारी बँका व पतसंस्थांचे डेटाबेस सांभाळणे हाच माझा व्यवसाय असल्याने ते देण्याचा प्रयत्न करते. लांबलेल्या मेंटेनन्सची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती दडपणाखाली आखूड केलेल्या मेंटेनन्सची.

तुमच्या खात्याची नोंद बहुधा एकाच यंत्रावर नसते. मी ज्यावर काम करते त्या मारियाडीबी या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या गॅलेरा क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटात, साधारणपणे तीन सर्व्हर, म्हणजे तीन नोड असतात आणि तिन्हींवर तोच डेटा असतो. निम्म्याहून अधिक नोड एकमेकांना दिसत असतील तरच क्लस्टर काम करते. ग्रामसभेला कोरम लागतो तसेच हे. रीतसर बंद केलेला नोड जाताना बाकीच्यांना कळवतो, मग त्याला वगळून मोजणी होते. वीज गेल्याने किंवा केबल निघाल्याने गायब झालेला नोड मात्र मोजणीत राहतो. म्हणूनच दोनच नोडच्या क्लस्टरमध्ये एक अचानक गेला, की दुसरा धडधाकट असूनही काम नाकारतो, आणि ते बरोबरच आहे. तरीही 'तिसरा सर्व्हर कशाला?' म्हणून खरेदीच्या वेळी तोच पहिल्यांदा कापला जातो. तिसरा पूर्ण सर्व्हर परवडत नसेल तर डेटा न ठेवता फक्त मत देणारा गार्बडी हा छोटा प्रोग्रॅम वेगळ्या यंत्रावर चालवता येतो. तेवढे तरी करावे.

पॅचचे, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती बसवण्याचे, काम एका वेळी एकाच नोडवर करायचे असते. आधी तो लोड बॅलन्सरमधून, म्हणजे येणारे काम नोडांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेतून, काढायचा, चालू व्यवहार संपू द्यायचे, मग डेटाबेसची सेवा थांबवायची आणि ती खरोखर थांबली हे लॉगमध्ये पाहायचे. त्यानंतरच मशीन रीबूट. अनेक ठिकाणी थेट रीबूट मारला जातो. लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारी सिस्टिमडी ही यंत्रणा सेवेच्या फाइलीत वेगळे सांगितले नसेल तर ९० सेकंद थांबते आणि मग प्रोसेस मारून टाकते. मेमरीतली बदललेली पाने, म्हणजे डेटाचे तुकडे, डिस्कवर उतरवायला मोठ्या डेटाबेसला त्याहून जास्त वेळ सहज लागतो.

नोड परत आला म्हणजे काम संपले असेही नाही. तो बंद असताना झालेले बदल बाकीचे नोड जीकॅश नावाच्या फाइलीत धरून ठेवतात. आपण बदलला नाही तर तिचा आकार १२८ एमबी असतो, गजबजलेल्या बँकेला तो थोड्या वेळातच अपुरा पडतो. तिच्यात बसले तेवढेच बदल मागे राहिले असतील तर नोड काही मिनिटांत बरोबरीला येतो. नाहीतर सगळा डेटा नव्याने उतरवून घ्यावा लागतो. ५०० जीबीचा डेटा एक गिगाबिटच्या जोडणीवरून न्यायला, जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी, तासाहून जास्त वेळ जातो. म्हणून जीकॅश आधीच पुरेशी मोठी हवी, आणि आलेला नोड 'सिंक्ड', म्हणजे बरोबरीला आलो, असे दाखवेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. कितीही फोन आले तरी.

खरा कस लागतो तो तिन्ही नोड बंद करायची वेळ येते तेव्हा, उदाहरणार्थ यूपीएस बदलताना किंवा सर्व्हर रूम हलवताना. आधी ॲप्लिकेशन बंद, मग एकेक नोड, आणि जो सर्वांत शेवटी बंद झाला तोच सर्वांत आधी चालू करायचा, कारण शेवटची नोंद त्याच्याकडे असते. प्रत्येक नोडवर ग्रास्टेट नावाची चार-पाच ओळींची फाइल असते. तिच्यातली 'सेफ टू बूटस्ट्रॅप' (या नोडपासून क्लस्टर सुरू करणे सुरक्षित) ही ओळ शेवटी बंद झालेल्या नोडवर १ असते, इतरांवर ०. वीज अचानक गेली असेल तर तिन्हीकडे ० आणि व्यवहाराच्या क्रमांकाच्या जागी उणे १. अशा वेळी प्रत्येक नोडवर रिकव्हरी चालवून शेवटच्या व्यवहाराचा क्रमांक काढायचा, तिन्ही क्रमांक कागदावर शेजारी शेजारी लिहायचे आणि ज्याचा सर्वांत मोठा त्यापासून सुरुवात करायची.

हे करायला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ पहाटे चार वाजता दिला जात नाही. 'अजून किती?' असे विचारणारे वरिष्ठ कॉन्फरन्स कॉलवर असतात, आणि समोर येईल त्या नोडवर ० चा १ करून क्लस्टर उठवायचा मोह होतो. तो नोड मागे राहिलेला असेल तर पुढे असलेला नोड जोडायला गेल्यावर गॅलेरा स्वतःच थांबते आणि संभाव्य डेटाहानीचा इशारा देते. घाईत त्या पुढच्या नोडवरची ग्रास्टेट फाइल पुसली की मागे पडलेल्या नोडचा डेटा पुढच्यावर उतरतो. कुणीतरी भरलेला कर्जाचा हप्ता मग कुठल्याच नोडवर उरत नाही.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या सेवेत बिघडलेले नेटवर्क उपकरण बदलताना दोन ठिकाणांमधला संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात डेटाबेसचे नेतृत्व, म्हणजे नव्या नोंदी घेण्याचे काम, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर गेले आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी झाल्या. त्यांच्या सर्वांत व्यग्र क्लस्टरमध्ये अशा ९५४ नोंदी निघाल्या. सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली, कारण लवकर सुरू होण्यापेक्षा डेटा शाबूत राहणे महत्त्वाचे, असे त्यांनी ठरवले आणि ते जाहीरपणे सांगितले. आपल्याकडच्या संचालक मंडळांनी हा निर्णय समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

बँकांनी व सरकारी खात्यांनी जाहीर करायच्या वेळेत परत चालू करण्याचा आणि तपासण्याचा अवधी धरावा. महिनाअखेर आणि हप्त्यांच्या तारखा टाळाव्यात. बंद-चालू करण्याचा क्रम लेखी असावा आणि वर्षातून एकदा चाचणीच्या क्लस्टरवर त्याची पूर्ण रंगीत तालीम व्हावी, तीही निविदेतच अट घालून. बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान न मानता तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहावा.

आणि आपल्या बातमीदारांना एक विनंती. पुढच्या वेळी 'सर्व्हर डाऊन'ची बातमी करताना संबंधितांना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: बंद आधी जाहीर केलेला होता का, शेवटची तालीम कधी झाली, आणि सेवा सुरू झाल्यावर त्या रात्रीच्या व्यवहारांची मोजणी जुळली का.

आपली,
एक डेटाबेस प्रशासक, नाशिक