प्रत्यारोपणाआधी एक तपासणी हवीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या मुलाच्या बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी आर्थिक मदतीचे आवाहन वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येते. त्यात खर्चाचा आकडा आणि बँक खात्याचा तपशील असतो. आजाराचे नाव मात्र बहुधा ‘अप्लास्टिक अ‍ॅनिमिया’ (हाडांतील रक्त तयार करणारी मज्जा निकामी होणे) एवढेच दिलेले असते. जिल्ह्याच्या ठिकाणी रक्ततपासणीच्या कामात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या पॅथॉलॉजिस्टला अशा वेळी पैशांच्या आधी दुसराच प्रश्न पडतो. या मुलाची मज्जा पुढे कधीतरी निकामी झाली, की तो दोष त्याला जन्मतःच मिळालेला आहे, याची शहानिशा कोणी केली आहे का?

मुलांमधील मज्जा निकामी होण्यामागे आनुवंशिक कारणे अनेक असली तरी त्यांत सर्वाधिक आढळतो तो फॅन्कोनी अ‍ॅनिमिया. गुइडो फॅन्कोनी या स्विस बालरोगतज्ज्ञाने १९२७ मध्ये तीन सख्ख्या भावांमध्ये तो प्रथम नोंदवला. डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडले गेले तर ते सोडवून दुरुस्त करण्याची यंत्रणा प्रत्येक पेशीत असते. तिच्याशी संबंधित वीसहून अधिक जनुकांपैकी एखादे सदोष असले की दुरुस्ती अडते आणि मज्जेतील रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळपेशी हळूहळू संपत जातात. साधारण पाच ते दहा वर्षांच्या वयात प्लेटलेट घटू लागतात आणि पुढे लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट अशा तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कमी होतात. त्याच्याही आधी रक्तपेशी मोजण्याच्या नेहमीच्या तपासणीच्या, म्हणजे सीबीसीच्या, अहवालात लाल पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, वाढलेला दिसतो. आपल्याकडे बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आहे की हा आकडा पाहून मुलाला इंजेक्शने सुरू होतात आणि त्यात काही महिने सहज निघून जातात. अंगठा आखूड असणे, नसणे किंवा दोन असणे, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, वयाच्या मानाने खुंटलेली उंची, जन्मजात एकच मूत्रपिंड अशा खुणा अनेक मुलांत असतात. पण काही मुलांत यांपैकी काहीच नसते, त्यामुळे मूल दिसायला ठीक आहे म्हणून तपासणी टाळणे योग्य नाही.

ही तपासणी महाराष्ट्राला दुर्मीळ नाही. रुग्णाच्या रक्तातील पेशी मायटोमायसिन-सी किंवा तत्सम रसायनासह वाढवून त्यांची गुणसूत्रे किती प्रमाणात तुटतात हे पाहिले जाते. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) सरकारी संस्थेत, या आजारावर वर्षानुवर्षे काम चालू आहे. अडचण आहे ती मुलाला तिथपर्यंत वेळेत पोहोचवण्याची.

निदान आधीच का हवे, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाची जुनी मज्जा रिकामी करण्यासाठी औषधे द्यावी लागतात. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात सायक्लोफॉस्फमाइड या औषधाची मात्रा एरवी किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया असलेल्या मुलाला ती जिवावर बेतू शकते, म्हणून त्याच्यासाठी साधारण २० ते ६० मिलिग्रॅमच्या दरम्यानच राहावे लागते. पॅरिसमधील प्रत्यारोपणतज्ज्ञ एलियान ग्लुकमान यांनी कमी मात्रेची ही वाट रुळवली आणि पुढे फ्लुडाराबिन या दुसऱ्या औषधाची जोड मिळाल्यावर निकाल बरेच सुधारले. निदान चुकले तर मात्राही चुकते. एक्स-रे आणि सीटी स्कॅनचा वापरही या मुलांत जपूनच करावा लागतो.

दुसरी बाब दात्याची. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरील आनुवंशिक ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि त्याच भावंडाला हाच आजार असण्याचीही शक्यता चारात एक. म्हणजे जुळणारा आणि आजार नसलेला दाता प्रत्येक भावंडामागे सोळात तीन एवढाच संभवतो. धडधाकट दिसणाऱ्या भावाची किंवा बहिणीची तीच तपासणी न करता मज्जा घेणे म्हणजे आजारच पुन्हा भरणे होय. भावंड जुळले नाही तर दाता नोंदणी संस्था आहेत आणि आई-वडिलांपैकी एकाची अर्धी जुळणी वापरण्याचे तंत्रही आता आपल्या देशात रुळले आहे. मात्र तोवर नातेवाइकांचे रक्त मुलाला देऊ नये. आपल्याकडे काका-मामा मोठ्या मायेने रक्तदानाला उभे राहतात, पण त्याच घरातून पुढे मज्जा घ्यायची झाल्यास ती नाकारली जाण्याचा धोका त्यामुळे वाढतो. हे तालुक्याच्या डॉक्टरांनीच समजावून सांगितले पाहिजे.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जगातील पहिले नाळ-रक्त प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसमध्ये झाले, ते फॅन्कोनी अ‍ॅनिमिया असलेल्याच एका मुलावर, आणि रक्त होते त्याच्या नवजात बहिणीचे. प्रसूतिगृहांत ‘बाळाचे नाळ-रक्त बाळासाठीच साठवा’ म्हणून हजारो रुपयांची योजना गळ्यात मारणारे हा तपशील सांगत नाहीत. आनुवंशिक आजारात बाळाच्या स्वतःच्या पेशींत तोच दोष असतो, तेव्हा त्या साठवून मज्जेचा प्रश्न सुटत नाही.

पैशांबाबत पालकांना अनेकदा ठाऊक नसते की केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात पहिल्या गटात, म्हणजे एकदाच केलेल्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या आजारांत, फॅन्कोनी अ‍ॅनिमियाचा नावानिशी समावेश आहे. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. त्यासाठी मुलाची नोंद धोरणातील उत्कृष्टता केंद्रात व्हावी लागते, आणि मुंबईचे के.ई.एम. त्यांपैकी एक आहे. अहवालावर नुसते ‘अप्लास्टिक अ‍ॅनिमिया’ लिहिलेले असेल तर हा हक्क मागायचा कशाच्या आधारावर?

प्रत्यारोपणाने मज्जा बरी होते, बाकीचे शरीर नाही. तोंड आणि घसा यांच्या कर्करोगाचा धोका पुढेही राहतो, त्यामुळे अशा मुलांची तोंडाची तपासणी जन्मभर करावी लागते आणि गुटखा, मिश्री त्यांच्या आसपासही नको. मामे-आते भावंडांत लग्ने होणाऱ्या आपल्या भागातील कुटुंबांना पुढच्या गरोदरपणापूर्वी जनुकीय सल्ला मिळणे तितकेच निकडीचे आहे. त्यात नात्यांना नावे ठेवण्याचा प्रश्न नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. जन्मजात व्यंग आणि रक्तक्षय या दोन्हींची नोंद ती घेतात, पण वेगवेगळ्या रकान्यांत. व्यंगाचे मूल शस्त्रक्रियेकडे जाते आणि रक्तक्षयाच्या मुलाला लोहाच्या गोळ्या मिळतात. एकाच मुलात दोन्ही आढळल्यास, किंवा गोळ्या देऊनही रक्त आणि प्लेटलेट वाढत नसल्यास, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राने गुणसूत्र-तपासणीसाठी त्याचा रक्तनमुना मुंबईला पाठवणे बंधनकारक करावे आणि नमुना नेण्याचा खर्च शासनाने उचलावा, एवढी विनंती मी आपल्या दैनिकामार्फत सार्वजनिक आरोग्य विभागाला करतो.

आपला,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, लातूर