स्टेटसवरची लाल गाडी

तीर्थरूप आप्पा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे टाईप करून सोनूला पाठवतोय, तिने झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून द्यावी, आणि अक्षर मोठं ठेव म्हणावं, आप्पांनी चष्म्याचा नंबर अजून बदललेला नसणार हे मला इथे बसून माहितीये. रविवारी फोनवर नीट बोलणंच झालं नाही. आईने फोन घेतला तो "कुणाची गाडी, कितीला घेतली" इथूनच, मागे कुकरच्या शिट्ट्या, मग आत्या आली आणि फोन तिच्याकडे गेला. म्हणून लिहितो. तब्येत चांगली आहे, खाणंपिणं व्यवस्थित, नोकरी आहे.

तर आधी तेच. मी स्टेटसवर जिचा फोटो टाकला ती लाल गाडी माझी नाही. तीन दिवस भाड्याने घेतली होती, शुक्रवारी संध्याकाळी आणली आणि सोमवारी सकाळी होती तशी परत केली, एक ओरखडा नाही. माझी कोरोला पार्किंगमध्ये उभी आहे, आणि रोजची गाडी तीच. आणि काकांना सांगा की पुढे नंबर प्लेट नाही म्हणून गाडी चोरीची होत नाही, इथे अमेरिकेत, मिशिगन राज्यात, फक्त मागेच प्लेट लावतात, सगळ्यांच्याच गाड्या पुढून बोडक्या असतात. पासिंग, इन्शुरन्स सगळं होतं. आई, पट्टा लावला होता. फोटोत दिसत नाही कारण फोटो काढताना गाडी बंद होती.

आता आप्पा, तुम्ही फोनवर एकच शब्द विचारलात, "इंजिन?" आणि मी "मोठं आहे" म्हणून सोडून दिलं, ते मला नंतर लागलं. तर सांगतो. फोर्ड मस्टँग जीटी, २०१९ ची. ५ लिटर, व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडर, चार इकडे चार तिकडे. तुमच्या एसटी डेपोतलं टाटाचं ६९७ इंजिन साधारण पावणेसहा लिटरचं ना, म्हणजे हे त्याच्यापेक्षा लहानच झालं, पण ताकद ४६० हॉर्सपॉवर, तुमच्या ६९७ च्या तिपटीहून जास्त. ते चाळीस-पन्नास माणसं घेऊन कुंभार्ली घाट चढायचं आणि हे एका माणसाला ऑफिसला नेतं, एवढाच फरक. ऑईल बदलायचं तर साडेनऊ लिटर लागतं. तुम्ही बॉनेट उघडून नाराज झाला असता, वर सगळी काळी प्लॅस्टिकची झाकणं, हात घालायला जागा नाही. मी उघडून बघितलं आणि तुमच्यासारखंच "हं" म्हणून बंद केलं.

पण आवाज. आप्पा, आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. लहानपणी डेपोच्या गेटवर उभं करून तुम्ही मला डोळे मिटायला लावायचात, कुठली गाडी आली ओळख, लेलँड की टाटा, आणि कुठल्या सिलिंडरचा ठोका चुकतोय तेही तुम्ही सांगायचात. ही गाडी सुरू केली की वाटतं ठोका चुकतोयच. मी पहिल्यांदा खरंच घाबरलो. मग वाचल्यावर कळलं, क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याच्या, पिना एकमेकींना नव्वद अंशात, अधिकच्या चिन्हासारख्या असतात, त्यामुळे एका बाजूच्या चार सिलिंडरचे ठोके सारख्या अंतराने पडतच नाहीत, दोन लागोपाठ पडतात मग जरा थांबून पुढचा. त्याचीच ती गुडगुड. म्हणजे लोक इथे चुकलेल्या ठोक्याचे पैसे मोजतात.

चालवायला कशी, तर हळू चालवली तर अगदी गरीब. ऑटोमॅटिक आहे आणि गिअर किती, दहा. दहा गिअर आप्पा, कुठला पडला ते कळत पण नाही, हायवेला ७० माईलने, म्हणजे ११२ ने चाललात तरी इंजिनच्या फेऱ्यांचा काटा दोन हजाराच्या खाली लोळत असतो. स्पीडच्या काट्याखाली बारीक अक्षरात "ग्राउंड स्पीड" लिहिलंय, जसं काही आपण विमानातच बसलोय. बॉनेट एवढं लांब की पार्किंगमध्ये भिंत किती राहिली याचा अंदाजच येत नाही, मी प्रत्येक वेळी अर्धी गाडी बाहेर ठेवून थांबलो. मागची सीट नावाला, तिथे फक्त बॅग आणि पश्चात्ताप बसू शकतो. रात्री दार उघडायला गेलात की आरशाखालच्या दिव्यातून जमिनीवर पळत्या घोड्याचं चित्र पडतं. पहिल्या रात्री मी किल्ली दाबून दाबून ते चार वेळा बघितलं, एकटाच, पार्किंगमध्ये उभा राहून. वय वर्षं एकोणतीस.

आणि एकदाच, फक्त एकदाच, हायवेला चढायच्या रॅम्पवर पाय पूर्ण दाबला. रस्ता मोकळा होता, कोरडा होता, आई पुढचं वाचू नकोस. एक क्षण काहीच होत नाही, गिअर खाली उतरतात, आणि मग मागून कोणीतरी सीटला दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं, काटा सात हजाराकडे, पोटात घाटात होतं तसं, आणि मागची चाकं किंचित, अगदी किंचित, बाजूला सरकल्यासारखी वाटली आणि जागेवर आली. कंपनी म्हणते तसे ६० माईलच्या वेगापर्यंतचे चार सेकंद वगैरे मी मोजले नाहीत. ७० झाले आणि पाय काढला. हात घामेजले होते. २०१४ पर्यंत बहुतेक मस्टँगना मागे एसटीसारखं दोन्ही चाकं जोडणारं सलग हाउसिंग असायचं, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं उडायचं, आता दोन्ही चाकं सुटी आहेत म्हणून सावरते, असं गाडीचा मालक म्हणाला. तरी ओल्या रस्त्यावर तो स्वतःही दाबत नाही. मीही दाबला नाही. शनिवारी पाऊस आला तेव्हा मी ट्रकच्या मागे मागे चाललो, विचारा कोणालाही.

आता मुद्दा हा की घेतली कशाला. इथे डेट्रॉइटला वुडवर्ड म्हणून रस्ता आहे, शहरापासून सरळ वर पाँटियाकपर्यंत जातो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्या रस्त्यावर लोक जुन्या-नव्या गाड्या घेऊन नुसते फिरतात. पोचायचं कुठेच नसतं. वर जायचं, वळायचं, खाली यायचं, परत वर. १९९५ साली फर्नडेल नावाच्या गावात पोरांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी वर्गणी गोळा करायला सुरू झालं म्हणे, आणि आता ही गर्दी. कडेला लोक सकाळपासून घडीच्या खुर्च्या टाकून, आईसबॉक्स घेऊन, नातवंडं मांडीवर घेऊन बसतात. मला काय आठवलं असेल सांगा. विसर्जनाच्या दिवशी आजी ओट्यावर पाट टाकून बसायची ना, "कुठला गणपती आला रे?" विचारत, तसं अगदी. फक्त गणपतीच्या जागी शेव्हरोले.

गंमत म्हणजे ४६० हॉर्सपॉवर घेऊन मी तीन तास पायी चालणाऱ्याच्या वेगाने चाललो. ब्रेक, सोड, ब्रेक. एसी चालू, इंजिनचा काटा जागेवर, गरम झालं नाही ते एक कौतुक. कडेला बसलेल्या एका आजोबांनी हाताने खूण केली, "दे आवाज". मी नको नको केलं. मग त्यांच्या शेजारच्या बारक्या पोरीने आधीच कानावर हात ठेवून डोळे मोठे केले, मग काय, एकदा दिला. ती एवढी हसली. नंतर सिग्नलला त्याच आजोबांसारखा एक जण खिडकीशी येऊन मला सांगून गेला की ही मसल कार नव्हेच, मस्टँग म्हणजे पोनी कार, आकाराने लहान, मसल कार म्हणजे पाँटियाक कंपनीची जीटीओ. मी म्हटलं बरं. मस्टँगशी टक्कर देणाऱ्या शेव्हरोले कॅमारो आणि डॉज चॅलेंजर दोन्ही डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्यामुळे या लोकांना आता भांडायला तेवढंच उरलंय. मस्टँग मात्र अजून इथूनच जवळ, फ्लॅट रॉकला बनते.

आता तुम्ही विचारलंत की फोटोत मी डावीकडे जायचं तर उजव्या बाजूच्या लेनमध्ये काय करतोय. याला "मिशिगन लेफ्ट" म्हणतात आणि हे समजायला मला दोन महिने लागले म्हणून नीट सांगतो. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे इथलं डावं वळण हे आपलं उजवं, समोरची गर्दी कापून जायचं ते. तर समजा आपल्या कोल्हापूर नाक्यावर तुम्हाला उजवीकडे वळायचंय. नाक्यावर वळायचंच नाही. नाका सरळ ओलांडून पुढे जायचं, पुढे दुभाजकात एक वळायला जागा ठेवलेली असते, तिथून यू-टर्न मारायचा, उलटं नाक्याकडे यायचं आणि मग डावीकडे वळायचं. झालं. आणि तुम्ही आडव्या रस्त्याने आलात तर आधी नको त्या दिशेला वळायचं, पुढे जाऊन यू-टर्न घ्यायचा आणि मग नाका सरळ पार करायचा. फायदा असा की नाक्यावर वळणाऱ्यांसाठी वेगळा सिग्नल लागत नाही, सिग्नलच्या दोनच फेऱ्यांत काम होतं आणि समोरासमोर धडकेचा धोका कमी होतो. साठच्या दशकापासून हे चाललंय आणि इथल्या लोकांना यात काही विचित्र आहे हेच पटत नाही. मी एकाला म्हटलं, म्हणजे डावीकडे जायचं तर आधी उजवीकडे जायचं? तो म्हणाला, हो, मग काय. त्या लांब बॉनेटची गाडी घेऊन त्या यू-टर्नच्या खाचेत उभं राहायचं म्हणजे नाक पुढच्या लेनमध्ये आणि शेपूट मागच्या. दोनदा मागून हॉर्न खाल्ला. इथे हॉर्न वाजवत नाहीत, म्हणजे किती खाल्ला ते समजा.

शेजाऱ्यांना त्रास झाला का, हा आईचा प्रश्न. नाही झाला. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे हे मला माहितीये. या गाडीत वेळ लावून ठेवता येते, रात्री आठ ते सकाळी सात असं, त्या वेळात सुरू केली तर सायलेन्सरमधल्या झडपा बंद राहतात आणि आवाज दबून येतो. कंपनीतल्याच एका इंजिनिअरच्या गाडीच्या आवाजामुळे शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले होते, त्यावरून सुचलं म्हणतात. शेजारधर्माचं बटन आहे असं समजा.

पेट्रोल प्यायली. खोटं सांगत नाही. गॅलनला साडेसोळा माईल, म्हणजे लिटरला सात किलोमीटर, आणि तेही महागातलं पेट्रोल. फोनवर मी भाडं दोनशे डॉलर म्हणालो ना, ते एका दिवसाचं होतं. सोनू रुपयात हिशोब करेल, तिला करू नको म्हणा. तुमची पेन्शन किती येते ते मला पाठ आहे आप्पा. रविवारी रात्री मी पण हिशोब केला आणि मग झोपच लागली नाही, म्हणून पहाटे उठून गाडी धुतली. खरं कारण असं की गणपतीला यायचं तिकिटासाठी बाजूला काढलेले पैसे होते त्यातले थोडे. यायचं जमत नाहीये. व्हिसाच्या स्टॅम्पिंगची, म्हणजे इथे परत येण्यासाठी पासपोर्टवर व्हिसा लावून घ्यायची, तारीख मिळत नाही, आणि तारीख नसताना आलो आणि तिकडे अडकलो तर इथली नोकरी जाईल. हे मी आईला "बघतो, बघतो" म्हणत होतो, पण बघण्यासारखं आता काही नाही.

पैशाचं: या शुक्रवारी दोन लाख पाठवतोय. त्यातले दीड सोनूच्या कार्यालयाच्या ॲडव्हान्सला, पन्नास हजार घरखर्चाला, आणि गच्चीची गळती पावसाळा संपायच्या आत बघून घ्या. एज्युकेशन लोनचे तीन लाख ऐंशी राहिलेत, दिवाळीपर्यंत फिटतील, बँकेतून फोन आला तर हेच सांगा. मालक ती गाडी विकणार आहे, मला विचारलं, मी नाही म्हटलं. लगेच म्हटलं. जवळजवळ लगेच.

सोनूच्या साखरपुड्याला मी नसेन, तिला सांगितलंय, ती "काही नाही रे दादा" म्हणाली आणि फोन ठेवला. लग्नाला येतोच, काहीही झालं तरी. पाहुण्यांना मुलगा कंपनीत आहे एवढंच सांगा, गाडीचा फोटो दाखवू नका, उगाच मागणी वाढेल. आणि आई, पाटणच्या स्थळाला अजून हो-नाही काही कळवू नकोस. फोटोत शेजारच्या सीटवर ओढणी कुणाची, हे आत्याने विचारलंच, तर ती आमच्या ऑफिसमधली एक जण आहे, साताऱ्याची आहे, वडील बँकेत होते. तिला पण व्ही-एटचा आवाज आवडला. बाकी फोनवर बोलू, आप्पा घरात नसताना आधी तुझ्याशी.

आप्पा, सोनूच्या मोबाईलवर आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवलंय, चाळीस सेकंदांचं, थंड इंजिन सुरू केल्यापासून. इअरफोन लावून, डोळे मिटून ऐका. आधी जोरात येईल मग खाली बसेल, खाली बसल्यावर ठोके मोजा. मला तीनच सुटे कळले, चौथा कुठे पडतो ते सांगा.

आरतीला व्हिडिओ कॉल लावा. सकाळी आठची आरती म्हणजे इथे आदल्या रात्रीचे साडेदहा, मी जागाच असतो.

तुमचा,
बाळू

ता. क. आजीला गाडी लाल आहे एवढंच सांगा, बाकीचं नको.