लेफ्टी क्रे यांस, उशिराने मानलेले आभार

आदरणीय लेफ्टी क्रे यांस,

सादर प्रणाम.

आपण 14 मार्च 2018 रोजी, वयाच्या 93व्या वर्षी हे जग सोडले, त्यामुळे हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचणार नाही याची जाणीव आहे. तरीही आभार जाहीरपणे मानावेत असे वाटले. देवगडच्या खाडीत गरवत (गळाने मासे पकडत) वाढलेल्या आणि नोकरीनिमित्त अमेरिकेतल्या आपल्याच मेरीलँडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्यासारख्याला खांद्याच्या दुखण्यामुळे फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसे-केस बांधलेल्या नकली आमिषाने (‘फ्लाय’ने) मासे पकडणे, सोडून द्यावे लागले असते. ते सुटले नाही, याचे श्रेय आपल्या शिकवणीला आहे.

रॉड (गळाची काठी) घड्याळाच्या दहा आणि दोनच्या काट्यांमध्येच हलवावा, हा जुना दंडक नदीतल्या ट्राउट माशांसाठी आणि बारीकशा फ्लायसाठी ठीक होता. समुद्रावर मात्र अंगावर येणारा वारा आणि बोटभर लांबीची पिसांची फ्लाय असते. शिवाय या प्रकारात वजन आमिषाला नसून लाइनला (गळाच्या दोरीला) असते, त्यामुळे ती मागे पूर्ण उलगडल्याशिवाय पुढे जोर लागत नाही. जितके लांब फेकायचे तितका रॉड मागे न्यावा, कोपर फळीवर टेकल्यासारखे खाली ठेवावे आणि अंग वळवावे, असे आपण सांगितलेत. आमच्याकडे पाग (हाताने फेकायचे जाळे) फेकणारा माणूसही कमरेतूनच वळतो; हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण रॉड हाती आल्यावर ते मला सुचले नव्हते. कोपर खाली आले आणि खांद्यावरचा ताण गेला.

1950च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरातल्या रॉकफिश माशांसाठी आपण बांधलेल्या ‘डिसीव्हर’ या फ्लायचेही ऋण आहे. तिची लांब पिसे गळाच्या मागच्या टोकाशी बांधलेली असल्याने फेकताना ती गळाभोवती गुंडाळत नाहीत, पुढचे हरणाच्या शेपटीचे केस तिला लहान माशाचा आकार देतात, आणि पाण्याबाहेर येताच ती निथळून हलकी होते. अमेरिकेच्या टपाल खात्याने 1991 मध्ये तिला 29 सेंटच्या तिकिटावर स्थान दिले. (आमच्या कोलंबीच्या गरीला असा मान कधी मिळेल, कोण जाणे!)

वडील लवकर गेल्यामुळे मोनोकसी नदीतले कॅटफिश विकून घराला हातभार लावणारा मुलगा पुढे या विषयातला जाणकार झाला, आणि खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगवर 1974 मध्ये पुस्तक लिहून त्याने आपली विद्या सर्वांपुढे मांडली. एरवी मासे पकडणारी मंडळी आपली जागा आणि युक्ती सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. आपण ती आयुष्यभर सांगत राहिलात.

आपल्याला 1947 मध्ये फ्लायची गोडी लावणारे जो ब्रुक्स यांचेही, आपल्यामार्फत, मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
चेसापीककाठचा एक देवगडकर