पेन दुरुस्त करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

जुनी शाईची पेनं जमवणाऱ्या आणि रोज त्यांनीच लिहिणाऱ्या आम्हा मंडळींवर तुमचे उपकार बरेच आहेत, पण हे पत्र मुख्यतः एका गोष्टीसाठी. पेन अडलं की बहुतेकांचा हात आधी निबेकडे जातो. निबेला हात सगळ्यात शेवटी लावायचा, हे तुम्ही शिकवलंत आणि कारणही सांगितलंत: टोकावरचा कठीण धातू एकदा घासला गेला की परत येत नाही.

तुमचा क्रम आता अंगवळणी पडला आहे. आधी गार पाणी, तेही निब आणि जीभ (निबेखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) बुडेल इतकंच, रात्रभर ठेवायचं. वाळलेली शाई तरीही सुटली नाही, तर 10 भाग पाण्यात 1 भाग घरगुती अमोनिया, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि नंतर भरपूर पाणी. स्पिरिट नाही, कारण बरीच प्लॅस्टिकं त्याने विरघळतात. गरम पाण्यात एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, अख्खं पेन बुडवायचं नाही, काळा रंग उतरून तपकिरी-हिरवट होतो.

मग 10 पटीचं भिंग. यासाठी तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच. निबेची दोन्ही पाती समोरून एका पातळीत आहेत का, हे आधी पाहायचं. एक वर-खाली असेल तर पेन एकाच दिशेने खरखरतं आणि ते नखाने हलकेच दाबूनही सुधारतं. पात्यांमधली चीर निबेवरच्या भोकापासून टोकाकडे निमुळती होत जायला हवी. टोकाशी ती फाकली असेल तर शाई तिथवर पोहोचत नाही, कारण शाई अरुंद जागेकडे ओढली जाते. पाती घट्ट मिटली असतील तर 0.05 मिलिमीटरचा पितळी पत्रा चिरेतून अलगद फिरवायचा. पेन पहिल्या रेघेला कोरडं जातं आणि दाबलं की चालतं, तेव्हा टोकाच्या आतल्या कडा जास्त गोल झालेल्या असतात. शाई कागदाच्या जरा वरच अडते. एवढ्या एका दोषाला घासणं खरोखर लागतं. अगदी बारीक पॉलिश कागदावर इंग्रजी आठचा आकडा दोन-चार वेळा काढायचा, धुऊन, लिहून पाहून, मगच पुढे.

एबोनाइटची जीभ निबेपासून सुटली असेल तर तिला मात्र गरम पाणी चालतं. निबेसकट 20 ते 30 सेकंद बुडवून, बाहेर काढून अंगठ्याने दाबून गार होऊ द्यायची. जिभेचा रंग जरा उडाला तरी बिघडत नाही. प्लॅस्टिकच्या जिभेवर हा उपाय चालत नाही.

बाजूचा खटका ओढून शाई भरायच्या पेनातली रबरी सॅक (शाईची पिशवी) बदलतानाचं तुमचं सांगणं सर्वांत मोलाचं. सॅकचा नंबर म्हणजे इंचाचे चौसष्टांश: 16 नंबर म्हणजे पाव इंच. जुन्या सॅकचे कडक तुकडे पूर्ण खरवडून काढायचे, नवी सॅक लाखेने चिकटवायची, रात्रभर वाळू द्यायची आणि बसवण्याआधी वरून शुद्ध टाल्कची पूड लावायची. झटपट चिकटणारे गोंद नकोत. लाख सौम्य, कोरड्या उष्णतेने सुटते, म्हणून पुढच्या दुरुस्तीला पेन मोडावं लागत नाही. त्यातही सेल्युलॉइडच्या (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) पेनाजवळ ज्योत कधीच न्यायची नाही, ते भडकन पेटतं. इतकी काळजी पुढच्या अनोळखी कारागिराची घेणारे तुम्हीच.

ड्रॉपरने भरायच्या पेनांचंही तुम्हीच उलगडून दिलंत. शाई एक तृतीयांशाखाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि थेंब पडतो. तेव्हा आधीच भरून घ्यावं.

दुरुस्त पेनासोबत तुम्ही चिठ्ठी देता: सॅकचा नंबर, निबेवर काय केलं, काय मुद्दाम केलं नाही. आम्हीही आता हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक पेनासोबत तशी चिठ्ठी ठेवतो. या सगळ्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपले ऋणी,
शाईच्या पेनांनी लिहिणारे आम्ही सगळे