विमानाचे सव्वादोन तास, आणि बाकीचं कोण मोजणार?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत प्रवासाचा तक्ता आला होता, पुणे-दिल्ली अंतर एवढं, विमानाला वेळ सव्वादोन तास. तक्ता चूक नाही हो, पण आमच्या विट्याकडं कुठलंही घर घ्या, एखादा तरी गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात परमुलखात असतोच, कुणी दिल्लीत करोल बागेत कुणी पार केरळात, त्यामुळं हे तक्ते आमच्याकडं टाइमपास म्हणून नाही, तिकीट काढायला वाचतात.

पहिलं म्हणजे अंतर. पुणे-दिल्ली आकाशातून सरळ साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास, रस्त्यानं तेच चौदाशेच्या वर जातं, तक्त्यात यातलं कुठलं धरलंय ते लिहिलेलंच नाही. आणि जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशे-साडेआठशेनं पळतं, म्हणजे हिशोबानं दीड तासाच्या आत दिल्ली यायला पाहिजे, तरी तिकिटावर सव्वादोन कसे? कारण तो टाइम गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं-उतरणं, वर घिरट्या घालणं सगळं त्यात आलं, वर कंपन्या थोडा जादा वेळ धरूनच ठेवतात म्हणजे विमान वेळेत आलं म्हणायला मोकळे. वाऱ्याचं पण असतंच, मुंबई-लंडन जाता-येता अंतर तेच पण वर वारं पश्चिमेकडनं वाहतं म्हणून येताना तासाभरानं लवकर.

आता आमचं बघा. विटा, कडेगाव, कराड, मग हायवेनं सातारा, खंबाटकी, खेड शिवापूरचा टोल, कात्रजपासून पुढं लोहगावच्या विमानतळापर्यंत पुण्याचं ट्रॅफिक, चार तास म्हणायचे पण पाच धरून निघावं लागतं. काउंटर तासभर आधी बंद होतो म्हणून दोन तास आधी पोचायचं. दुपारचं विमान असलं तर घरातली बाई पहाटे चारला उठून दशम्या बांधते आणि पोरगं करोल बागेत पोचतं दिवे लागल्यावर, त्यात विमान उडालं किती तर सव्वादोन तास! म्हणून जुनी माणसं अजून गोवा एक्सप्रेसच बरी म्हणतात, वेळ लई जातो पण मिरजेत नाहीतर सांगलीत बसलं की थेट दिल्लीत निजामुद्दीनलाच उतरायचं, मधी कुठं चढउतार नाही. कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ जवळ पडतं पण तिथनं मोजक्याच गावांना विमानं आहेत, आणि सांगलीजवळ कवलापूरला विमानतळ होणार हे तर निवडणूक आली की ऐकतोच.

तरी एक विनंती, सांगली-साताऱ्याच्या आवृत्तीत तक्ता छापाल तेव्हा अंतर रस्त्याचं का हवाई ते लिहा आणि घरापासून विमानतळापर्यंतच्या वेळेचा एक रकाना वाढवा, जागा कमी पडली तर हॉटेलांचे फोटो थोडे बारीक करा.

आपला,
एक वाचक, विटा (जि. सांगली)