ग्रीन कार्डच्या बातम्यांतून ‘प्रायॉरिटी डेट’ वगळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील ग्रीन कार्डासंबंधी एखादे विधेयक चर्चेत आले की आपल्याकडे ‘भारतीयांना दिलासा’ अशा मथळ्याच्या बातम्या येतात आणि ज्यांची मुले तिकडे आहेत अशा आमच्यासारख्यांच्या घरचे फोन दिवसभर वाजत राहतात. या बातम्यांत रांग किती वर्षांची याचे आकडे असतात. पण त्या रांगेत माणसाचा क्रमांक ज्या तारखेवरून ठरतो, त्या प्रायॉरिटी डेटविषयी बहुधा एक ओळही नसते. ती समजल्याशिवाय दिलासा कोणाला आणि किती हे वाचकाला कळणार नाही, म्हणून हे पत्र.

नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळवण्याच्या बहुतेक प्रकरणांत कंपनी आधी अमेरिकेच्या श्रम विभागाकडे ‘पर्म’ नावाचा अर्ज दाखल करते आणि तो ज्या दिवशी दाखल होतो तीच त्या कर्मचाऱ्याची प्रायॉरिटी डेट. अमेरिकेत कधी पोहोचला, एच-१बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा कधी मिळाला, कर किती वर्षे भरला, याचा तिच्याशी काही संबंध नाही. माझा मुलगा आणि त्याचा वर्गमित्र एकाच वर्षी एमएससाठी गेले, एकाच वर्षी नोकरीला लागले. मित्राच्या कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये पर्म दाखल केला; माझ्या मुलाची पहिली कंपनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत राहिली आणि दुसऱ्या कंपनीकडून तो दाखल व्हायला २०१६ उजाडले. आज मित्राच्या हाती कार्ड आहे. कागदोपत्री हा फरक तीन वर्षांचा दिसतो, प्रत्यक्षात तो किती वर्षांचा ठरेल हे आज कोणीच सांगू शकत नाही.

सांगता न येण्याचे कारण व्यवस्थेतच आहे. १९९० च्या कायद्यानुसार नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात, त्यांतच पती-पत्नी व मुलेही मोजली जातात आणि साधारणपणे कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक जात नाहीत. इतरांनी न वापरलेली कार्डे काही वेळा भारतीयांकडे वळतात, पण ती किती असतील हे दरवर्षी बदलते. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये प्रत्येक प्रवर्गाची एक अंतिम तारीख असते; ज्यांची प्रायॉरिटी डेट तिच्या आधीची, त्यांनाच कार्ड मिळू शकते. नोकरीच्या प्रवर्गांपैकी दुसऱ्या, म्हणजे ईबी-२ ची भारतीयांसाठीची ही तारीख ऑक्टोबर २०२४ मध्ये १५ जुलै २०१२ होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये १ एप्रिल २०१३ झाली. म्हणजे कॅलेंडरचे बारा महिने उलटले तेव्हा रांग साडेआठ महिने सरकली. यावरून त्रैराशिक मांडून आपला नंबर काढणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांनी २०२२ आठवावे. त्या सप्टेंबरमध्ये हीच तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत गेली होती आणि पुढच्याच महिन्यात ती १ एप्रिल २०१२ वर आणली गेली. करोनाकाळात वकिलाती बंद असल्याने कुटुंब-प्रवर्गात शिल्लक राहिलेली कार्डे पुढच्या वर्षी नोकरीच्या प्रवर्गात आली होती. ती आवक आटताच तारीख मागे गेली. तारीख पुढे सरकल्याच्या बातम्या आपल्याकडे ठळक होत्या, मागे गेल्याच्या मला शोधून काढाव्या लागल्या.

विधेयकांचेही तसेच. देशनिहाय मर्यादा हटवणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने त्याचा वेगळा मसुदा संमत केला, दोहोंचा मेळ बसला नाही आणि ते बारगळले. जन्मदेशावरून रांग लावणे मला अन्यायाचेच वाटते. पण एकूण कार्डे न वाढवता ही मर्यादा काढली तर आपली प्रतीक्षा इतर देशांच्या लोकांच्या माथी जाते, हेही त्या बातम्यांत सांगायला हवे होते.

जन्मदेश म्हणजे पासपोर्ट नव्हे. टोरोंटोत राहून कॅनडाचे नागरिकत्व घेतलेला सोलापूरचा मुलगाही भारताच्याच रांगेत असतो. याउलट पती किंवा पत्नीचा जन्मदेश लावून घेता येतो. आमच्या नात्यातील एका मुलाची बायको मस्कतला जन्मलेली असल्याने तो या रांगेतून सुटला. (स्थळांच्या जाहिरातींत ‘जन्म : आखाती देश’ हे अजून ठळक टाइपात येत नाही, हे नवलच.)

पालकांचा आणखी एक गैरसमज म्हणजे नोकरी बदलली की तारीख जाते. आय-१४० हा पर्मनंतर कंपनीने इमिग्रेशन विभागाकडे करायचा अर्ज एकदा मंजूर झाला की, फसवणूक किंवा गंभीर चुकीमुळे तो रद्द झाला नाही तर, तारीख कर्मचाऱ्याचीच राहते. नव्या कंपनीला पर्म नव्याने करावा लागतो, पण जुनी तारीख सोबत येते. ती मंजुरी असल्यास एच-१बी सहा वर्षांपुढेही तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. तेव्हा ‘आहे तिथेच चिकटून राहा’ असा सल्ला नाशिकहून देण्याआधी मुलाचा आय-१४० मंजूर आहे का, एवढे तरी विचारावे. नोकरीच गेली तर गोष्ट वेगळी : तारीख शाबूत राहते, पण एच-१बीवरील माणसाला नवी सोय लावायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात.

इकडे बसून आपण करू शकतो असे एक काम मात्र आहे. तारीख आली की अंतिम अर्जासोबत जन्मदाखला लागतो, आणि १९८०च्या दशकात जन्मलेल्या अनेकांच्या आपल्याकडील दाखल्यांत बाळाचे नावच नसते, किंवा आईचे नाव माहेरचे आणि पासपोर्टवर सासरचे असते. नावाची नोंद करून घेणे, ते न जमल्यास जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे करून ठेवणे, यासाठी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात खेटे घालावे लागतात. माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात हजर असलेली त्याची आत्या आज ८१ वर्षांची आहे. तिचे प्रतिज्ञापत्र आम्ही गेल्या वर्षीच नोटरी करून घेतले.

आपल्या वृत्तपत्राला विनंती एवढीच की, दर महिन्याला बुलेटिन येते तेव्हा भारतासाठीच्या ईबी-१, ईबी-२ आणि ईबी-३ च्या तारखा, आधीच्या महिन्याच्या तारखांसह, तीन ओळींत छापाव्यात. तारीख मागे गेली असेल त्या महिन्यातही.

आपला विश्वासू,
एक पालक, नाशिक