दुःखी व निराशांना हिंमत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातल्या एका वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा अडत होतो. "आता माझ्यावाचून कुणाचेच काही अडत नाही," असे तू लिहिले आहेस. बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिले वर्ष बरे गेले, मग मुले आपापल्या गावी स्थिरावली, आणि आता सकाळ उजाडली की दिवस कसा ढकलायचा हाच प्रश्न पडतो, असे तू म्हणतोस. याचे उत्तर मला पोकळ धीराने द्यायचे नाही. हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी मी स्वतःशी रोज म्हणत होतो, म्हणून माझे काय झाले तेवढेच सांगतो.

तुझ्या वहिनींच्या आजारपणाचे बरेचसे तुला ठाऊक आहे. गालाच्या आतला पांढरा चट्टा दात लागून झाला असेल, असे सांगून एका डॉक्टरांनी चार महिने नुसते मलम दिले आणि मीही त्यावर विसंबलो. एकतीस वर्षे गणित शिकवणाऱ्या माणसाला साधा संशयही आला नाही, हे शल्य अजून जात नाही. पुढे अमरावती एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून पहाटे दादरला उतरायचे आणि परळच्या टाटा रुग्णालयात रांगेला लागायचे, असे किती वेळा झाले त्याची मोजदाद राहिली नाही. त्या काळात आमचा मुक्काम दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत असे. कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसे तिथे अगदी थोडक्या पैशांत राहतात.

लहानपणी आपण दोघे २० डिसेंबरला गाडगेनगरच्या समाधीवर जात असू, ते आठवते ना? आपले सगळे लक्ष प्रसादाच्या पंगतीकडे असायचे. आयुष्यभर ज्यांच्या समाधीजवळून सायकलने गेलो, ते बाबा मला खरे भेटले ते घरापासून शेकडो कोस दूर, त्या धर्मशाळेत, आणि तेही ही गेल्यानंतर.

बाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न आहे, तहानलेल्यांना पाणी आहे, उघड्यानागड्यांना वस्त्र आहे, बेघरांना आसरा आहे, आणि शेवटी आहे 'दुःखी व निराशांना हिंमत'. शाळेच्या भिंतीवर मी ती शेकडो वेळा वाचली होती, पण हा शेवटचा शब्द कधी मनात उतरला नव्हता. बाबांनी हिंमत ही भाकरी आणि पाण्याच्या रांगेत बसवली आहे. ती ज्याच्याजवळ नाही त्याने कुठूनतरी गोळा करावी, असे ते म्हणत नाहीत. ज्याला शक्य आहे त्याने ती दुसऱ्याला द्यावी, असे म्हणतात. आणि या सगळ्याला त्यांनी 'रोकडा धर्म' म्हटले. यात उधारी नाही, पुढच्या जन्माचा वायदा नाही.

ही गेली तेव्हा माझ्याजवळ असला कोणताही धर्म उरला नव्हता. देवघरातला दिवा मी लावत नव्हतो. लोक समजूत घालायला येत आणि बाबांचीच गोष्ट सांगत, की कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याचा निरोप आला तेव्हा ते 'असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी' एवढेच म्हणाले आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. मला त्या वाक्याची चीड येत असे. माझी एकच गेली होती आणि मला तिच्यासाठीच रडायचे होते.

दीड महिन्याने घरात उरलेल्या वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून मी पुन्हा दादरला गेलो. पिशवीत न वापरलेल्या सिरिंज, प्रोटीन पावडरचे दोन डबे आणि हिच्या जुन्या सुती साडीचे गाळणीसाठी कापलेले तुकडे होते. त्या वस्तू धर्मशाळेच्या कार्यालयात देऊन परतीची गाडी धरायची, एवढाच बेत होता. व्हरांड्यात यवतमाळकडची एक तरुण बाई नवऱ्याजवळ बसली होती. त्याच्या नाकात नळी घातलेली होती, आणि पेज आत जाईना म्हणून ती सिरिंजचा दट्ट्या जोर लावून दाबत होती. त्याला ठसका लागला, पेज अंगावर सांडली आणि ती बिचारी रडू लागली.

मी पिशवी खाली ठेवली आणि काही विचार करायच्या आत तिच्याशेजारी बसलो. पेज कापडातून दोनदा गाळायची, नाहीतर शीत अडकून नळी तुंबते. रुग्णाला नीट टेकून बसवायचे. नळी चिमटीत धरून सिरिंज जोडायची, दट्ट्या काढून टाकायचा, पेज ओतायची आणि सिरिंज नुसती उंच धरायची. ती आपल्या वजनाने सावकाश उतरते. शेवटी कोमट पाणी सोडायचे आणि अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. हे सारे मी हिच्यासाठी शिकलो होतो, आणि ही गेल्यावर या विद्येचा आता काय उपयोग, असे मला वाटले होते. त्या बाईने दुसरी वाटी स्वतःच्या हाताने दिली. हात थोडे थरथरत होते, पण एक थेंब सांडला नाही. "जमलं का जी?" असे तिने मला विचारले. मी "जमलं" म्हणालो आणि माझा गळा दाटून आला.

त्या दिवशी परतीची गाडी मी धरली नाही. आता महिन्यातले पंधरा दिवस मी मुंबईत असतो. अर्ज भरून देतो, कोणत्या मजल्यावर कोणती तपासणी होते ते सांगतो, आणि नव्याने नळी घातलेल्या रुग्णांच्या माणसांना पेज द्यायला शिकवतो. आत्मविश्वास म्हणजे फार मोठी गोष्ट असावी, अशी माझी समजूत होती. त्रेसष्टाव्या वर्षी मला कळलेला त्याचा अर्थ 'एवढे मला येते' इतकाच आहे, आणि तेवढ्यावर माणूस सकाळी उठून कामाला लागू शकतो.

श्रद्धेचेही तसेच झाले. ती आधी परत आली आणि मग मी काम करू लागलो, असे घडले नाही. हात कामात गुंतले आणि एके दिवशी लक्षात आले की आपण पुन्हा दिवा लावू लागलो आहोत. १९०५ साली भरल्या संसारातून निघालेले बाबा पंढरपूरला जात, पण राउळात जाण्यापेक्षा चंद्रभागेच्या वाळवंटाची झाडलोट करण्यात रमत. त्यांचा विठ्ठल त्यांना खराट्याच्या टोकाशी भेटत असावा, असे मला आता वाटते. गोविंदाच्या वेळचे ते वाक्य मात्र माझ्या तोंडून आजही निघणार नाही. पण समोर कोट्यानुकोटी बसलेले असताना कीर्तन का थांबवता आले नसेल, हे थोडे समजू लागले आहे.

आणि तुझ्याविषयी एक गोष्ट, जी तू विसरलास आणि मी विसरणार नाही. हिच्या रेडिएशनच्या वेळी माझी जुळवाजुळव कमी पडते आहे, हे न सांगता ओळखून तू चाळीस हजार रुपये घरी आणून दिलेस आणि परत करायला आलो तेव्हा दारातूनच फिरवलेस. त्या आठवड्यात तुझ्यावाचून माझे अडले होते, मित्रा. इथे रोज अशी माणसे येतात, ज्यांना सरकारी योजनेचा अर्ज कसा भरायचा, बँकेचे खाते कसे उघडायचे, गावाहून आलेले पैसे कुठे पाहायचे, हे कळत नाही. मला त्यातले फारसे येत नाही. तू त्यात छत्तीस वर्षे घालवली आहेस.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला मी निघणार आहे. तुझेही तिकीट काढतो, नको म्हणू नकोस. खालचा बर्थ तुला. येताना घरातली जुनी, मऊ पडलेली सुती धोतरे असतील तर स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून घेऊन ये. हिच्या साडीचे तुकडे संपत आले आहेत, आणि पेज गाळायला नव्या कापडाचा उपयोग होत नाही.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझाच,
बालमित्र